माणूसघाणे आणि माणूसवेडे : टाळेबंदीत खरं कोण टिकलं?

कोपऱ्यातलं_टेबल

परवा हापिसातून मेल आली. इमारतीचं काम निघालंय, पुढचे तीन महिने सगळ्यांनी घरूनच काम करायचं. २०२० च्या आधी अशी मेल आली असती तर मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचलो असतो. परवा वाचली आणि पोटात खड्डा पडला. तो का पडला, हे लिहून काढावं म्हणून हा धागा.

आधी ओळख. मी माणूसघाणा. हे सर्टिफिकेट आईचं. पाहुणे आले की मी पाणी देऊन जो आत जायचो, तो ते चपला घालायला लागल्यावरच बाहेर यायचो. पुण्यात कोथरूडला एकटा राहतो, पोट सॉफ्टवेअर टेस्टिंगवर. थोरला भाऊ डोंबिवलीत. तो बरोब्बर उलटा. त्याच्यासोबत भाजी आणायला गेलात तर दीड तासाची निश्चिंती. सकाळच्या ७:५१ च्या फास्ट लोकलमध्ये त्याचा भजनी गट आहे, वीस वर्षं जुना. टाळ त्याच्या बॅगेत असतात, डबा वहिनी आठवण करते तेव्हा असतो.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता दादाने परात इतकी बडवली की तिला पोचा आला. तो अजून आहे. मी खिडकी लावून घेतली होती. त्याच रात्रीपासून लोकल बंद झाल्या, आणि २५ तारखेपासून २१ दिवसांची टाळेबंदी. मला मनातून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू. बारसं नाही, वास्तुशांत नाही, 'टीम लंच' नाही. एप्रिल-मे मी राजासारखा राहिलो. भाकरी थापायला शिकलो. तीन जाडजूड कादंबऱ्या संपवल्या.

दादा मात्र पहिल्या आठवड्यातच ढासळला. वहिनी फोनवर सांगायची, पहाटे पाचला उठतात, अंघोळ करून शर्ट-पँट घालतात आणि पावणेआठला गॅलरीत जाऊन उभे राहतात. समोर काही नाही, रिकामा रस्ता. एकदा फोनवर रडला. मी धीर दिला, पण आतून वाटत होतं, एवढं काय त्यात? आज त्याची लाज वाटते.

जूनपर्यंत चित्र पालटलं होतं. दादाने सोसायटीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची यादी केली, चौदा नावं. त्यांची औषधं, पेन्शनचे कागद, सगळं हा बघायचा. रविवारी फोनवर व्हिडिओ लावून भजन सुरू केलं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ, कारण प्रत्येकाचा टाळ दुसऱ्याकडे अर्धा सेकंद उशिरा पोचायचा. मग ठरलं, एकाने गायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद करून घरी टाळ कुटायचे. शेजाऱ्यांना काय ऐकू येत असेल देव जाणे.

आणि मी? ऑगस्टमध्ये कुरियरवाला आला, त्याने ओटीपी विचारला. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. घसा खाकरून कसेबसे आकडे सांगितले. दार लावून हिशोब केला तर चार दिवसांत मी एकही शब्द मोठ्याने बोललेलो नव्हतो. काम सगळं टाइप करून चालायचं ना.

मग लक्षात आलं काय काय गेलंय ते. कर्वे रस्त्यावरचं अमृततुल्य, चारच्या ठोक्याला तिघं जायचो. एक क्रिकेटवर बोलायचा, एक काहीच बोलायचा नाही आणि मी मध्ये. वाचनालयातले काका, माझ्यासाठी पुस्तक टेबलाखाली दडवून ठेवणारे. खानावळीच्या काकू, 'आज आमटी जरा तिखट झालीय हं' एवढंच म्हणणाऱ्या. यांना मी कधी 'माझी माणसं' म्हटलं नव्हतं. निम्म्यांचे नंबरही माझ्याकडे नव्हते. ज्यांचे होते त्यांना फोन करून सांगायचं काय? चहा पितोय?

दादाला आपलं काय हरवलंय ते पहिल्या दिवशीच कळलं. मला पाच महिने कळलं नाही.

तर तुमचं काय झालं होतं ते लिहा. आणि पुढचे तीन महिने मी काय करू तेही सांगा.

वाचनमात्र

ओटीपीला +१. माझ्या बाबतीत दूधवाला होता.

टग्या_नाना

माणूसघाण्याने धागा काढून माणसं गोळा केली. वा. खुर्ची पकडून बसलो आहे.

गप्पिष्ट_मावशी

लिहिलंय छान, पण थोडं आमच्या बाजूनंही ऐका. मी मिरजेची, बँकेतून रिटायर. भिशीचे दोन गट, एक भजनी मंडळ, सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही अकरा जणी. घरात मात्र आमचे हे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, यांची एकूण वाक्यं एका वहीत मावतील.

टाळेबंदीत मी पण तुमच्या दादांसारखीच. भाजीवाल्याला गेटवर धरून ठेवायची, दोडका कसा, घेवडा कसा, तुझ्या गावाकडं पाऊस काय म्हणतोय. तो बिचारा मास्क सावरत मागं सरकायचा. दिवसाला वीस-पंचवीस फोन. हे एकदा म्हणाले, "तू फोन करतेस की हजेरी घेतेस?" (वहीत नोंद केली.)

पण खरी गोष्ट पुढंच आहे. सप्टेंबरात यांना कोविड झाला. आमच्या मजल्याला पत्रे ठोकले. माझ्या फोनमध्ये दोनशेच्या वर नंबर, मला वाटलं फोन थांबायचे नाहीत. चौघींचे आले. बाकीच्यांनी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली. मला वाईट कशाचं वाटलं सांगू? चौघीच निघाल्या याचं नाही, कोणत्या चौघी ते मला आधी ओळखता आलं असतं का, याचं. नसतं आलं.

आणि वरच्या मजल्यावर एक मास्तर राहतात, एकटे, कधी मान वर करून बघत नाहीत. मी त्यांना शिष्ट म्हणायची. ते रोज साडेबाराला जिन्यातल्या स्टुलावर डबा ठेवायचे, पत्र्यावर दोन टकटक करायचे आणि मी येईपर्यंत गायब. सतरा दिवस. त्यातले निदान दहा दिवस दुधी भोपळा. ह्यांना तो आवडतो हे मला नवीनच.

कोपऱ्यातलं_टेबल

मावशी, मास्तर माझे कोणी लागत असावेत. बोलावं लागू नये म्हणून टकटक करून पळणं, हे मी पुरतं ओळखतो.

आकडेमोड

धागा चांगला, पण तीन गोष्टींची भेसळ होतेय. अंतर्मुख, लाजाळू आणि माणूसघाणा ही तीन वेगळी माणसं आहेत. लाजाळूला लोक हवे असतात पण भीती वाटते. माणूसघाण्याला नकोच असतात. अंतर्मुखाला हवे असतात, पण थोडे आणि थोडा वेळ. धागाकर्ता माझ्या मते तिसऱ्या जातीचा, आईने सर्टिफिकेट चुकीचं दिलंय.

अंतर्मुख आणि बहिर्मुख हे दोन शब्द मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ च्या सुमाराला रूढ केले. पुढच्या मानसशास्त्रात हे दोन खण राहिलेच नाहीत, एक लांब पट्टी झाली, आणि बहुतेक जनता तिच्या मधल्या भागात बसते. १९६० च्या दशकात आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की फरक मेंदूच्या जागेपणात आहे : अंतर्मुखाचा मेंदू मुळातच जास्त जागा, म्हणून त्याला बाहेरचा कल्लोळ लवकर पुरे होतो. बहिर्मुखाला जागं राहायलाच कल्लोळ लागतो. हे सगळंच्या सगळं टिकलेलं नाही, पण दादा गॅलरीत का उभा राहायचा ते समजायला पुरतं.

राहिला टाळेबंदीचा प्रश्न. मार्च २०२० मध्ये जगभर विनोद फिरत होते की अंतर्मुखांचा सुवर्णकाळ आला. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात उलटंच निघालं, जास्त अंतर्मुख असलेल्यांनीच जास्त एकाकीपणा आणि चिंता नोंदवली. अभ्यास जेमतेम शंभरेक लोकांचा, त्यामुळे त्यावर इमले बांधू नका. पण 'अंतर्मुखांना काय, त्यांना बरंच झालं' हे गृहीत धरू नये, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

चौथी_सीट

मी या साइटवर सहसा लिहीत नाही, पण आज राहवलं नाही. सगळे एकटेपणाबद्दल लिहिताय. मला तो मिळाला असता तर मी पेढे वाटले असते.

मी अंतर्मुख. आणि घरात सात माणसं. सासू-सासरे, दीर, आम्ही दोघं, दोन मुलं. बदलापूरला दोन खोल्या आणि किचन. टाळेबंदीच्या आधी रोज सकाळी बदलापूर ते सीएसटी आणि संध्याकाळी परत. लोकांना वाटतं लोकलचा लेडीज डबा म्हणजे छळ. माझ्यासाठी तो एकांत होता. चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकड्यावर चौथी, अर्धी टेकून, कानात काहीतरी घालून, डोळे मिटून सव्वा तास. आजूबाजूला दोनशे बायका, पण एकीचंही माझ्याकडे काम नाही. पाणी दे, चार्जर कुठंय, आज भाजी काय, कोणी काही विचारत नाही. रोज अडीच तास मी फक्त मी असायची.

तो २३ मार्चला गेला. मग चार वेळचा स्वयंपाक, ओट्यावर लॅपटॉप, मुलांची शाळा मोबाइलवर, दीर कॉलवर, सासऱ्यांच्या टीव्हीवर रामायण. सगळे म्हणायचे, "किती छान, सगळे एकत्र आहोत." मी दिवसातून दोनदा धुणं काढायला लागले. गरज नव्हती. वाळत घालायला गच्चीवर जाता यायचं, एवढंच. एक-एक रुमाल सावकाश झटकायचा. पुढे पुढे मी खाली जाऊन बंद पडलेल्या स्कूटरवर बसायला लागले. सासूबाईंनी नवऱ्याला विचारलं, "हिचं कोणाशी काही आहे का?" हसू नका, खरंच विचारलं.

२१ ऑक्टोबरला बायकांना लोकल खुली झाली, सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. माझं ऑफिस अजून घरूनच होतं. तरी एका बुधवारी "कागद द्यायचेत" सांगून निघाले. सीएसटीला उतरले, एक वडापाव खाल्ला, पुढची गाडी पकडून परत आले. कोणाला सांगितलं नव्हतं. आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

वाचनमात्र

चौथी सीट ताई, नमस्कार घ्या.

गप्पिष्ट_मावशी

अगं, स्कूटरवर बसून काय करायचीस?

चौथी_सीट

काही नाही. तेच तर.

आकडेमोड

हा प्रतिसाद मुख्य धाग्यात चिकटवावा. एकांत आणि एकाकीपणा आपण एकाच पोत्यात भरत होतो. ताईंचा एकांत गेला, धागाकर्त्याला एकाकीपणा आला. टाळेबंदी एकच, माणसंही दोघं एकाच स्वभावाची. फरक घराच्या क्षेत्रफळाचा, आणि ताईंच्या बाबतीत कोण ओट्याशी उभं आहे याचा.

दोरखंड

मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. आमच्याकडे दोन्ही एकदम असतं, एकटेपणा पण आणि गर्दी पण.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सहा महिन्यांच्या करारावर बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर चढलो. उतरलो जानेवारी २०२१ मध्ये. नियमाने खलाशाला अकरा महिन्यांच्या वर सलग ठेवता येत नाही, पण त्या वर्षी बंदरांनी माणसं बदलूच दिली नाहीत. जगभरात जवळजवळ चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते. बंदराला लागलो तरी गँगवेच्या, म्हणजे उतरायच्या शिडीच्या खाली पाय टाकायची परवानगी नाही. समोर दुकानाच्या पाट्या वाचता येतात, पण आपण आत.

जहाजावर एक रीत असते. केबिनचं दार हुकाला अडकवून अर्धवट उघडं असेल तर अर्थ, या, बसा. दार बंद म्हणजे झोपलाय किंवा नको आहे. कोणी शिकवत नाही, आपोआप कळतं. आठव्या-नवव्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की रात्री आमच्या ॲलीवेत, म्हणजे केबिनींच्या बोळात एकही दार उघडं नसतं.

आमचा चीफ कुक गोव्याचा. मेसचा प्राण. मांडो, म्हणजे गोव्याची कोंकणी गाणी म्हणायचा, कॅप्टनची नक्कल करायचा, कॅप्टनसमोर. सगळ्यात आधी तो गप्प झाला. मी विचारलं तर म्हणाला, "गोष्टी संपल्या रे. ऐकणारे तेच एकवीस." तेव्हा मला कळलं की बोलक्या माणसाला नुसती माणसं पुरत नाहीत, नवी माणसं लागतात. घरी असताना त्याला बाजार होता, चर्च होतं, फुटबॉलचं मैदान होतं. इथे एकवीस जणांना त्याचा प्रत्येक विनोद पाठ.

उलट सेकंड ऑफिसर. १२ ते ४ ची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी करणारा, मुळातच रात्रीचा प्राणी. संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडून स्वतःशीच खेळायचा. तो ठीक दिसत होता, पण जेवणाला यायचा बंद झाला. प्लेट घेऊन केबिनमध्ये. आमचा कॅप्टन जुना माणूस. त्याने भाषण वगैरे दिलं नाही. कुकला बोलावून सांगितलं, रोज सात वाजता सेकंडकडे जाऊन बुद्धिबळ शिक, हे काम समज. कुक एकही डाव जिंकला नाही. कोंकणीत शिव्या घालत बाहेर यायचा आणि दुसऱ्या दिवशी सातला हजर. त्या केबिनचं दार मात्र सात ते आठ हुकाला लागायला लागलं. आठ वाजता बंद. सेकंडला एक तास पुरायचा, कुकला एक तास मिळायचा.

आता थोडं अवांतर, पण समुद्राचा विषय निघालाय तर. आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवर एकटे निघाले, चार ठिकाणी थांबत मे २०१० मध्ये पृथ्वीला वळसा घालून परत. बोट गोव्यात बांधलेली. त्याच बोटीवर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला परत आले. पाच महिने एकटे. लोक म्हणतात, असल्या कामाला घुमा माणूसच लागतो. मला पटत नाही. १९६८ च्या, एकट्याने न थांबता पृथ्वीला वळसा घालायच्या पहिल्या शर्यतीत नऊ जण निघाले, पूर्ण करणारा एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यातला फ्रेंच मॉइतेसिए जिंकण्याच्या बेतात असताना शर्यत सोडून ताहितीकडे निघून गेला. आणि क्रोहर्स्ट खोट्या जागा कळवत अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला, जुलै १९६९ मध्ये त्याची नुसती बोट सापडली. दोघंही एकटे, पण एकाला माणसांत परतायचं नव्हतं आणि दुसऱ्याला परतायचं तोंड उरलं नव्हतं. स्वभाव कामाला येतो, नाही असं नाही. पण आपण इथे आपल्या मर्जीने आहोत की अडकलोय, हे त्याच्याआधी येतं. हे मी चौदा महिन्यांच्या अनुभवावर सांगतो.

जुनी_पोथी

मर्जीचा मुद्दा निघाला म्हणून. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेलं. सतत माणसांत, सभांत वावरणारा माणूस. मर्जी कसली? तरी १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्य लिहून काढलं, तेही शिसपेन्सिलीने, कारण शाई मिळत नसे. म्हणजे अडकलेला बहिर्मुख माणूसही काम सापडलं की टिकतो. तुमच्या दादांची चौदा म्हाताऱ्यांची यादी हे त्यांचं रहस्यच की.

उलट उदाहरण विनोबांचं. अत्यंत एकांतप्रिय माणूस, पण १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून उतरवून घेत होते म्हणून ते आपल्याला वाचायला मिळालं. आठवड्यातून एकदा, ठरलेला वार, ठरलेला विषय. एकांतप्रिय माणसाला यापेक्षा सोयीची बैठक कोणती?

टग्या_नाना

टिळकांची आणि ७:५१ च्या फास्टची तुलना झाली. धागा शंभरी गाठणार.

आकडेमोड

नाना, हसा, पण त्यात काहीतरी आहे. बुद्धिबळ सात ते आठ, प्रवचन रविवारी, चहा चारला. अंतर्मुख माणूस फोन उचलून गप्पा मारणार नाही, पण वेळ आणि निमित्त ठरलेलं असेल तर नेमाने हजर राहतो. टाळेबंदीने त्याची माणसं नेली नाहीत, निमित्तं नेली. आणि नवं निमित्त काढायची त्याला सवय नसते, कारण आयुष्यभर ते दुसऱ्या कोणीतरी काढलेलं असतं. बहुधा दादासारख्या कोणीतरी.

कोपऱ्यातलं_टेबल

हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. खरं आहे. अमृततुल्यला जायची पद्धत मी पाडलेली नव्हती. तो क्रिकेटवाला रोज माझ्या टेबलावर टिचकी मारायचा आणि मी उठायचो. २०२१ मध्ये त्याने नोकरी बदलली, आता आम्ही दोघंच जातो. दुसरा तर काही बोलतच नाही. मेल आली त्या दिवशी मी त्याला म्हटलं, तीन महिने आता चहा नाही. तो म्हणाला, "हं." यावरून काय समजायचं ते मला कळलेलं नाही.

गप्पिष्ट_मावशी

अहो, छत्तीस वर्षांच्या अनुभवावर सांगते, तो 'हं' म्हणजे वाईट वाटलं. तो कुठं राहतो?

कोपऱ्यातलं_टेबल

वारज्याला. मला वाटतं. विचारलं नाही कधी.

गप्पिष्ट_मावशी

देवा! वारजे ते कोथरूड म्हणजे रिक्षाचं भाडं तरी होतं का? त्याला आजच मेसेज टाका. "बुधवार, चार, नेहमीची जागा." एवढंच. गप्पा मारायला लावत नाही मी तुम्हाला.

चौथी_सीट

आणि बुधवारी जमलं नाही तर कारण विचारू नका. आम्हाला तेच नको असतं.

दोरखंड

तुमच्या दादांचं भजन सध्या लोकलमध्ये चालू आहे का? सुट्टीवर आलो की डोंबिवलीला मामाकडे असतो.

कोपऱ्यातलं_टेबल

चालू आहे. ७:५१ आता ७:४८ झालीय. मधला डबा, दरवाजाजवळ टाळ ऐकू येतील. माझं नाव सांगू नका, नाहीतर तो तुम्हाला घरी जेवायलाच नेईल.

मेसेज टाकला. उत्तर आलं : "ओके." मावशी, हे 'हं'पेक्षा बरं की वाईट?

गप्पिष्ट_मावशी

बरंच. दोन अक्षरं आहेत.

आणि आता माझं ऐका. मी पुढच्या आठवड्यात मुलीकडं पुण्याला येतेय. शनिवारी चार वाजता कट्टा करू, कोथरूडातच. आकडेमोड पुण्याचेच ना? नाना पण यावेत. धागाकर्ते, तुम्ही इथं आठ वर्षं आहात आणि एकाही कट्ट्याला आलेला नाहीत, मी जुने वृत्तांत शोधून बघितलेत.

टग्या_नाना

मी येतो. खर्च आकडेमोड करतील.

कोपऱ्यातलं_टेबल

येतो. पण पाऊण तास. पावणेपाचला मी उठणार, राग मानू नका.

गप्पिष्ट_मावशी

उठा की. आम्ही नऊपर्यंत बसलेलो असू. येताना त्या 'हं'वाल्यांना आणा.